जुना हीटसिंक, नवा प्रोसेसर आणि खाडीची हवा

2025 मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने न्हावा शेवा बंदरात चार कंटेनर अडवले. कागदोपत्री आत ॲल्युमिनियमचं भंगार होतं. पुढच्या बाजूला खरोखरच भंगाराची रांग लावलेली होती. तिच्यामागे 17 हजारांहून जास्त जुने लॅपटॉप, 11 हजारांहून जास्त छोटे सीपीयू आणि 7 हजारांहून जास्त सुटे प्रोसेसर निघाले. मालाची किंमत 23 कोटींच्या घरात होती आणि कारवाईचं नाव होतं ‘ऑपरेशन डिजिस्क्रॅप’.

चोरटी आयात हा गुन्हा आहे, तिची भलामण करण्याचं कारण नाही. जुन्या संगणकांच्या आयातीवर निर्बंध आहेत ते परदेशातला ई-कचरा आपल्या दारात येऊन पडू नये म्हणून, आणि ही गोष्ट उरण-पनवेल पट्ट्यातल्या माणसाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. पण हजारो सुटे प्रोसेसर कुणी उगाच समुद्रावरून आणत नाही. त्यांना गिऱ्हाईक आहे. ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे कागदावरचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, या गिऱ्हाइकावर वर्षानुवर्षं चालला आहे. शिवाय कंपन्या दर काही वर्षांनी ऑफिसातली मशीनं बदलतात, तो माल रीतसर बाजारात येतोच. या दुसऱ्या हाताच्या प्रोसेसरबरोबर हीटसिंक बहुधा मिळत नाही. घरात एखादा जुना, दणकट, तांब्याच्या नळ्यांचा हीटसिंक पडलेला असतो, पण तो दुसऱ्याच सॉकेटचा असतो. मग प्रश्न उभा राहतो: हा हीटसिंक थोडाफार कापून, घासून, पट्टी बदलून या प्रोसेसरवर बसवता येईल का, आणि बसवला तर त्यावर ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं, जमेल का?

माझं उत्तर ‘हो’ असं आहे, पण त्या प्रश्नात तीन प्रश्न दडलेले आहेत आणि लोक पहिलाच विचारतात. भोकं जुळतील का, हा पहिला. दाब जुळेल का, हा दुसरा. आणि जी हवा हीटसिंकच्या पात्यांमधून जाणार आहे ती कशी आहे, हा तिसरा. उरण, जासई, करळ, न्हावा शेवा या पट्ट्यात तिसरा प्रश्न बाकी दोघांना पुरून उरतो.

आधी उष्णतेचा हिशेब. प्रोसेसरमध्ये निर्माण होणारी उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. समजा 4.0 गिगाहर्ट्झवर 1.20 व्होल्टला चालणारा प्रोसेसर 4.6 वर नेला आणि तो स्थिर राहावा म्हणून व्होल्टेज 1.35 केलं. वेग वाढला 15 टक्के, उष्णता मात्र सुमारे 45 टक्के. 100 वॉटचे 145 वॉट झाले. आता हीटसिंक, पेस्ट आणि मधले थर मिळून प्रत्येक वॉटमागे 0.35 अंश चढतात असं धरू. 100 वॉटला 35 अंश, 145 वॉटला जवळपास 51. हे अंश खोलीच्या तापमानावर चढतात. युरोपातल्या 21 अंशांच्या खोलीत हा प्रोसेसर 72 वर थांबेल. आपल्याकडे मे महिन्यात किंवा ऑक्टोबर हीटमध्ये बिनएसीच्या खोलीत 34 अंश सहज असतात. तोच प्रोसेसर तोच हीटसिंक लावून 85 वर जाईल. परदेशी चाचण्यांतले आकडे वाचून हीटसिंक निवडणाऱ्यांनी हे 13 अंश मनात पक्के धरावेत. चाचणीत ‘खोलीच्या वर किती’ हा आकडा दिलेला असेल तरच ती आपल्या कामाची.

ओव्हरक्लॉकिंगच्या छंदाला सुवर्णकाळ आला तो 1998 च्या सेलेरॉन 300ए मुळे. बसचा वेग 66 वरून 100 मेगाहर्ट्झ केला की 300 चा प्रोसेसर 450 वर धावायचा, आणि तेही बहुतेक वेळा व्होल्टेज फारसं न वाढवता. त्यानंतर एएमडीचे सॉकेट ए चे ॲथलॉन आले. त्यांचा सिलिकॉनचा तुकडा वरून उघडा असे, धातूचं झाकण नव्हतं. हीटसिंकची क्लिप स्क्रूड्रायव्हरने दाबून अडकवताना तो तिरका टेकला की तुकड्याचा कोपरा उडायचा आणि प्रोसेसर गेला. 2001 मध्ये ‘टॉम्स हार्डवेअर’ने चालू मशीनवरचा हीटसिंक काढून दाखवला होता: पेंटियम 4 ने स्वतःचा वेग कमी करून जीव वाचवला, ॲथलॉन जळून गेला. आजचे सगळे प्रोसेसर तापले की आपोआप वेग कमी करतात, त्यामुळे चुकीच्या जोडणीची शिक्षा आता एवढी कडक राहिलेली नाही. पण त्यामुळेच चूक लपून राहते. मशीन चालतं, फक्त हळू चालतं, आणि मालकाला वाटतं प्रोसेसरच जुना.

भोकांचा विषय वरवर सोपा आहे. इंटेलच्या सॉकेट 775 ला चार भोकांचा चौरस 72 मिलिमीटरचा. 1156 पासून 1200 पर्यंत तो 75 चा. 1366 ला आणि चौकोनी 2011 ला 80. 2021 च्या 1700 ला 78, आणि त्यानंतरच्या 1851 ला तोच. एएमडीकडे एएम2 आणि एएम3 ला 48 बाय 96 चा आयत, एएम4 आणि एएम5 ला 54 बाय 90. इतकी वर्षं, इतकी सॉकेटं, आणि फरक कित्येकदा 3 मिलिमीटरचा. या 3 मिलिमीटरपायी किती चांगलं तांबं आणि ॲल्युमिनियम भंगारात गेलं असेल, याचा मला मनापासून राग येतो. सॉकेट बदलण्यामागे विजेची, पिनांची खरी कारणं असतात, ती मान्य. पण भोकांमधलं अंतर तेच ठेवणं बऱ्याचदा शक्य असतं, हे बोर्ड बनवणाऱ्यांनीच दाखवून दिलं आहे. ॲसरॉकने 1156 च्या काही बोर्डांवर 775 ची भोकंही ठेवली होती. असुसने 1700 च्या काही बोर्डांवर 1200 ची भोकं ठेवली.

775 चा हीटसिंक 1155 वर बसवायचा तर प्रत्येक भोक दोन्ही दिशांना दीड मिलिमीटर, म्हणजे कर्णावर साधारण 2.1 मिलिमीटर बाहेर न्यावं लागतं. पट्टी धातूची असेल तर गोल कानशीने भोक लांबट करणं अर्ध्या तासाचं काम आहे. इंटेलच्या डब्यातून येणाऱ्या, प्लॅस्टिकच्या खटक्याच्या पिनांच्या हीटसिंकवर मात्र हा उद्योग करू नये. त्याचे प्लॅस्टिकचे हात पातळ असतात, कापले की वाकतात, आणि एवढं करून हाती लागतो तो मुळातच बेताचा हीटसिंक. आणि कितीही मोह झाला तरी मदरबोर्डला भोक पाडायचं नाही. बोर्डाच्या आत तांब्याच्या रेषांचे अनेक थर असतात. वरून मोकळी दिसणारी जागा आत मोकळी नसते.

एएमडीची गंमत वेगळी. एएम3 चा हीटसिंक प्लॅस्टिकच्या कानांत क्लिपने अडकणारा असेल तर तो एएम4 वर तसाच बसतो, कारण कानांची जागा बदललेली नाही. स्क्रूने बसणारा असेल तर भोकं बदलली. एएम5 ला भोकं एएम4 चीच, पण मागची पट्टी, म्हणजे बॅकप्लेट, सॉकेटशी पक्की जोडलेली; त्यामुळे जे हीटसिंक स्वतःची बॅकप्लेट आणतात ते तिथे अडतात. चिनी बनावटीच्या एक्स79, एक्स99 बोर्डांवर सर्व्हरचे जुने झिऑन प्रोसेसर लावण्याची जी लाट आपल्याकडे आली, तिथे सॉकेटच्या चौकटीतच आटे असतात, बॅकप्लेटची गरजच नाही. मात्र सॉकेट 2011 च्या चौकटी दोन प्रकारच्या, चौकोनी आणि अरुंद, आणि सर्व्हरचे हीटसिंक पुष्कळदा अरुंद चौकटीचे असतात. घेण्याआधी फूटपट्टी लावून बघावं.

खरा विषय दाबाचा आहे. प्रोसेसरचं झाकण आणि हीटसिंकचा तळ हे दोन्ही डोळ्यांना सपाट दिसतात, प्रत्यक्षात नसतात. मधल्या फटीत हवा राहिली तर काय होतं ते आकड्यांत बघा. 30 बाय 30 मिलिमीटरच्या पृष्ठभागावर फक्त 0.1 मिलिमीटरचा हवेचा थर असेल तर तो प्रत्येक वॉटमागे 4 अंशांहून जास्त अडवतो. 100 वॉट त्यातून जाणंच शक्य नाही. तोच थर बऱ्यापैकी थर्मल पेस्टचा असेल तर 100 वॉटला दोन-अडीच अंशांचा फरक पडतो. पेस्ट तांब्यापेक्षा फार हलक्या दर्जाची वाहक आहे, पण हवेपेक्षा शेकडो पट बरी. म्हणून पेस्टचा थर शक्य तितका पातळ हवा, आणि तो पातळ करण्याचं काम दाब करतो.

घरी बनवलेल्या पट्टीत हाच दाब चुकतो. हीटसिंकबरोबर येणाऱ्या स्क्रूला स्प्रिंग असते आणि स्क्रू एका ठरावीक खोलीवर जाऊन थांबतो. म्हणजे दाब किती पडणार हे बनवणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. आपण नुसते नट-बोल्ट लावले की ते ठरवणं आपल्या मनगटावर येतं. कमी आवळलं तर वरची फट. जास्त आवळलं तर बोर्ड वाकतो, सॉकेटच्या पिनांवर असमान भार येतो, कधी मेमरीचा एखादा चॅनल दिसेनासा होतो आणि माणूस रॅम बदलत बसतो. 2015 मध्ये इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरांचा तळाचा थर आधीच्यापेक्षा पातळ निघाला. त्या डिसेंबरात जपानच्या सायथ कंपनीने मान्य केलं की आपल्या काही हीटसिंकांच्या जोडणीने मशीन हलवताना या प्रोसेसरना इजा होऊ शकते, आणि ग्राहकांना बदली स्क्रू फुकट देऊ केले. हीटसिंक बनवणाऱ्या नामांकित कंपनीचा अंदाज एका पिढीत चुकू शकतो, तर आपण किती जपायला हवं!

उंचीही यातच येते. 1700 च्या सॉकेटवर प्रोसेसरचा माथा आधीच्या पिढीपेक्षा जवळजवळ 1 मिलिमीटर खाली आहे. भोकं 75 वरून 78 ला नेली आणि उंचीचं विसरलो तर स्क्रू पूर्ण बसतात, सगळं घट्ट वाटतं, आणि हीटसिंक प्रोसेसरवर जेमतेम टेकलेला असतो. त्यातून या लांबोळ्या प्रोसेसरला सॉकेटची चौकट दोन बाजूंनी दाबते, त्यामुळे झाकण मध्ये किंचित वाकतं. त्यावर उपाय म्हणून बाजारात वेगळ्या चौकटी निघाल्या, आणि लोकांनी चौकटीच्या स्क्रूखाली वायसर घालून पाहिले.

दाब बरोबर पडला का, हे ओळखण्याची खात्रीची पद्धत एकच. मध्यभागी तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट ठेवा, हीटसिंक सरळ खाली आणा, चारही स्क्रू आडव्या-तिरप्या क्रमाने अर्धा-अर्धा फेरा देत आवळा, आणि मशीन चालू न करता सगळं परत सोडवा. झाकणावर उमटलेला ठसा बघा. मध्ये पेस्ट इतकी पातळ की धातू दिसतोय आणि कडेला किंचित जाड कडं, तर काम जमलं. एका बाजूला जाड थर आणि दुसऱ्या बाजूला धातू कोरडा, तर पट्टी तिरकी आहे. मध्येही जाड आणि सगळीकडे सारखी चोपडलेली दिसली, तर दाबच नाही. ठसा पाहिल्याशिवाय कॅबिनेट बंद करणारा माणूस अंदाजावर चालला आहे. पेस्ट पुसून पुन्हा लावावी लागते, एवढाच खर्च.

तळ पॉलिश पेपरवर घासून आरशासारखा करण्याचा सल्लाही या छंदात फार जुना. तळ खरोखर वाकडा असेल तर फायदा होतो. पण चांगल्या हीटसिंकच्या तांब्यावर निकेलचा मुलामा असतो, आणि घासताना पहिला तोच जातो. कोरड्या गावात हे चालेल. मिठागरांच्या तालुक्यात चालत नाही. उघडं तांबं आधी काळवंडतं, मग कडांना हिरवं होतं. त्याला ॲल्युमिनियमची पाती चिकटलेली असतील तर दोन धातू आणि खारट ओल मिळून ॲल्युमिनियम खायला लागते. बंदराच्या रस्त्यावरच्या एखाद्या वजनकाट्याच्या कॅबिनमधला पीसी उघडून पाहिला की सगळं समोर दिसतं: पात्यांच्या खालच्या कडेला ट्रेलरच्या धुळीचा राखाडी नमदा, त्यावर पांढरे भुरकट ठिपके, आणि हीटसिंकच्या लोखंडी क्लिपवर तांबूस गंज. पंखा फिरत असतो, पण हवा पात्यांतून जात नाही, वरून निसटते.

याचं कारण नुसती धूळ नाही. समुद्री मीठ हवेतली आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांच्या वर गेली की स्वतःहून ओलावा ओढून घेतं आणि पाणी होतं. पावसाळ्यात आपल्याकडे आर्द्रता त्याच्या वर दिवसचे दिवस असते. म्हणजे पात्यांवर आणि बोर्डावर साचलेला मिठाचा थर कोणी पाणी न शिंपडता ओला होतो. पनवेलजवळ 2020 पासून चालू असलेल्या योट्टाच्या डेटा सेंटरसारख्या ठिकाणी हवा गाळून, थंड करून, आर्द्रता आवरून मगच मशीनला दिली जाते. घरातल्या कॅबिनेटला तेवढं शक्य नाही, पण आत हवा ओढणाऱ्या पंख्यापुढे धुता येणारी जाळी लावणं आणि दसऱ्याच्या आधी एकदा हीटसिंक काढून ब्रशने साफ करणं एवढं नक्की शक्य आहे. पाचशे मेगाहर्ट्झच्या हव्यासापेक्षा या साफसफाईने जास्त वेग परत मिळालेली मशीनं या पट्ट्यात भरपूर सापडतील.

आणखी दोन गोष्टी हीटसिंकच्या जिवावर बेतणाऱ्या आहेत. हीटपाइप म्हणजे भरीव तांब्याची सळई नव्हे. ती आतून पोकळ, निर्वात केलेली, थोडंसं पाणी भरलेली बंद नळी असते. पाणी तळाशी उकळतं, वाफ वर जाते, थंड होऊन आतल्या सच्छिद्र थरातून परत येते. तळाला भोक पाडताना ड्रिल नळीत शिरलं की ती नळी कायमची मेली, बाहेरून काहीही दिसत नाही. नळी जोरात वाकवली, चपटी झाली, तरी तेच. दुसरी गोष्ट गॅलियमच्या मिश्रधातूची, ज्याला सगळे लिक्विड मेटल म्हणतात. निकेलच्या मुलाम्यावर ते ठीक आहे, पण ॲल्युमिनियमच्या तळाला लावलं तर ते ॲल्युमिनियम पोखरून टाकतं.

आता ओव्हरक्लॉकिंग कितपत उरलं आहे तेही बघायला हवं. 2011 च्या सँडी ब्रिजपासून इंटेलने ते नावात ‘के’ असलेल्या प्रोसेसरपुरतं आणि ठरावीक चिपसेटपुरतं ठेवलं. एएमडीने 2017 पासून बहुतेक रायझन खुले ठेवले, पण आजचा प्रोसेसर स्वतःच जमेल तितका वेग घेतो. रायझन 7000 तर 95 अंशांपर्यंत जाण्याच्याच हिशेबाने बनवले आहेत. इंटेलच्या आय9-13900के ला 253 वॉटपर्यंत ओढायची परवानगी आहे. इथे माणसाच्या हाताला वाव थोडा. दुसऱ्या हाताचे बहुतेक झिऑन तर लॉकच असतात. 1650 किंवा 1680 व्ही2 सारखे मोजकेच खुले. त्यामुळे जुना दणकट हीटसिंक बसवण्याचा खरा लाभ आज असा: प्रोसेसर स्वतः घेऊ शकतो तो वेग त्याला मे महिन्यातही दिवसभर टिकवता येतो, आणि पंख्याचा आवाज सोसावा लागत नाही. नव्या प्रोसेसरचं व्होल्टेज थोडं कमी करून पाहणं हा किनारपट्टीवर वाढवण्यापेक्षा शहाणा प्रयोग आहे. ज्याला तरीही वेग वाढवायची हौस आहे त्याच्यासाठी सँडी ब्रिजचे ‘के’ प्रोसेसर आणि सोबत 775 च्या काळातला चांगला टॉवर हीटसिंक ही जोडी अजूनही मजा देते. सॉकेट एकच असलं तरी पुढच्याच पिढीत, 2012 च्या आयव्ही ब्रिजमध्ये, झाकणाखाली सोल्डरऐवजी पेस्ट आली, आणि तिथे वरचा हीटसिंक कितीही मोठा केला तरी झाकणाखालची अडचण राहते.

पट्टी कुठून आणायची? आधी बनवणाऱ्याकडे विचारावं. ऑस्ट्रियाची नॉक्टुआ कंपनी जुन्या हीटसिंकसाठी नव्या सॉकेटची जोडणी खरेदीचा पुरावा दाखवला की फुकट देते, आणि बाकीच्यांनी हा धडा गिरवायला हवा. ते जमलं नाही तर उरण-पनवेल पट्ट्यात फॅब्रिकेशनची दुकानं काही कमी नाहीत. ट्रेलरच्या दुरुस्तीत हात बसलेल्या कारागिराला 2 मिलिमीटरची पट्टी कापणं खेळ आहे; पण त्याचा मिलिमीटर आणि आपला मिलिमीटर एक असायला हवा. व्हर्नियरने मापं घेऊन, भोकांचे मध्यबिंदू मारलेला जाड पुठ्ठ्याचा साचा आधी बोर्डावर बसवून पाहावा आणि मगच दुकानात न्यावा. साधं लोखंड नको, दोन पावसाळ्यांत गंजेल. एसएस 304 मागावं. एम3 स्क्रूला 3.4, एम4 ला 4.5 चं भोक, म्हणजे बसवताना किंचित सरकवायला जागा राहते. कापलेल्या कडा कानशीने मोडून घ्याव्यात, धातूचा एक कीस बोर्डावर पडला तरी शॉर्ट होतो. बोर्डाच्या बाजूला नायलॉनचे वायसर, आणि बॅकप्लेट घरी केलेली असेल तर तिच्यावर इन्सुलेशनचा थर. स्प्रिंग जुन्या हीटसिंकच्याच वापराव्यात. एएमडीच्या एएम5 वर बसवायचं असेल तर तिथल्या बॅकप्लेटचे आटे इंची, 6-32 मापाचे असतात. हार्डवेअरच्या दुकानात एम3.5 चा स्क्रू जवळपास तसाच दिसतो आणि एक-दोन फेरे जातोही. तो पुढे पिळायचा नाही. ती बॅकप्लेट सॉकेटशी जोडलेली आहे, आटे गेले तर गेला तो बोर्ड.